गव्हर्नरांचा उजवा हात

अमेरिकेतल्या एका गव्हर्नराचा उजवा हात लढाईत कसा गेला, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. माझे स्वतःचे आजोबा आयुष्यभर नेमकं काय करत होते, हे मात्र मला कधी नीट कळलेलं नाही. असं का झालं ते सांगायचं तर आमच्या कारखान्यातल्या आप्पांविषयी सांगावं लागेल, आणि आप्पांविषयी बोलायला लागलो की माझा हमखास गोंधळ उडतो. त्यांना भोळा माणूस म्हणावं की महाबिलंदर, हे इतक्या वर्षांत माझं ठरलेलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत तेव्हा कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी असायची आणि त्या ज्वारीतूनच एकदम आमच्या ओतकामाच्या कारखान्याची चिमणी वर आलेली. आप्पा तिथे टाइमकीपर होते आणि मी, रत्नागिरीकडून मॅट्रिक होऊन आलेला, त्यांच्या हाताखाली कारकून होतो. आमची खोली फाटकाला लागून होती. तिची बाहेरच्या अंगाची खिडकी इतकी बुटकी होती की बाहेर उभ्या माणसाचा चेहरा आतून दिसायचा नाही, दिसायचा तो फक्त हात. हात आत यायचा, बाहेरून कुणीतरी आपला नंबर सांगायचं, आप्पा फळ्यावरचा पितळी बिल्ला काढून त्या तळव्यावर ठेवायचे आणि मी हजेरी लिहायचो. दरवान बिल्ला बघून आत सोडायचा. चेहरा बघायला कुणाचीच नेमणूक नव्हती.

चेहऱ्यांवाचून आप्पांचं काही अडत नसे. ते हातांवरून माणूस ओळखायचे. ‘हा भट्टीवरचा,’ म्हणायचे, ‘मनगटावरचे केस बघ, जळालेत.’ एखादा हात रोजच्यापेक्षा गरम लागला तर बिल्ला परत फळ्यावर लावून ‘घरी जा, ताप आहे तुला’ म्हणून हाकलून द्यायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे बिल्ले चिंच लावून घासायचे, आणि मलाही घासायला लावायचे. मी मॅट्रिक झालो तो यासाठी नव्हे, असं एकदा म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, ‘आमचे गव्हर्नर वकील झाले तरी बापाची नाव स्वतः धुवायचे.’

‘आमचे गव्हर्नर’ हे असे कधीही, कुठूनही यायचे. आमटीत मीठ जास्त पडलं तरी यायचे. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, आप्पा मुंबईच्या लाटसाहेबांविषयी बोलतायत. मग एक दिवस त्यांनी डब्याच्या पिशवीतून लाल कापडात बांधलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. लढाईच्या काळात आप्पा एका लष्करी डेपोत हजेरी लिहायला होते. तिथले अमेरिकन सोल्जर परत गेले तेव्हा मागे राहिलेल्या रद्दीत त्यांना ही पानं मिळाली. पुठ्ठा नाही, दोरे सुटलेले, पुढची काही पानं नाहीत, मागचीही नाहीत. आप्पांनी ती पुण्यात एका बाइंडरकडून बांधून घेतली. बाइंडरला इंग्रजी येत नव्हतं आणि आप्पांना हापिसापुरतं येत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचलं आणि कुणाच्याही लक्षात आलं असतं ते माझ्या लक्षात आलं. ती दोन पुस्तकं होती. कागद एक, अक्षर एक, बहुधा एकाच मालेतली; पण चरित्रं दोन वेगळ्या राज्यांच्या दोन वेगळ्या गव्हर्नरांची. दोघेही गेल्या शतकातले. पहिला नावाड्याचा मुलगा. वल्हं मारता मारता कायदा शिकला, वकील झाला, त्यांच्या यादवीत पलटण घेऊन गेला आणि उजवा हात गमावून परत आला. लोकांनी त्याला गव्हर्नर केलं. त्यानं आगगाडी आणली, तुरुंग बांधले, कुणाची गय केली नाही. इथे त्याचं पुस्तक एका वाक्याच्या मध्येच तुटतं.

दुसरा कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. हा लढाईला गेला नाही. यानं शाळा काढल्या, सफरचंदांची बाग लावली आणि निवडून येऊन गव्हर्नर झाला. याच्या काळात एका शेतमजुराला खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. पुरावा लंगडा होता, पण साऱ्या राज्याला फाशी हवी होती. मजुराची आई येऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. गव्हर्नरानं माफीच्या कागदावर सही केली, आणि सही करताना त्याचा हात थरथरत होता, असं पुस्तकात लिहिलंय. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला साफ झोपवला. मग तो आपल्या बागेत जाऊन राहिला.

आप्पांच्या लेखी हे दोघे एकच होते. पुस्तकाच्या मध्यावर गव्हर्नरांचं नाव बदलतं, त्याचं काय? ‘दत्तक गेले,’ आप्पा म्हणाले. चांगली छातीपर्यंत दाढी आलेला माणूस दत्तक कसा जाईल, असं मी विचारलं. ‘इस्टेट मोठी असेल तर कोणत्याही वयात जातो,’ ते म्हणाले. राज्य बदलतं, ते कसं? ‘बदली झाली.’ मी म्हटलं, आप्पा, तिथे गव्हर्नराला लोक निवडून देतात, मामलेदारासारखी त्याची बदली होत नाही. आप्पा क्षणभर विचार करून म्हणाले, ‘मग लोकांनीच केली असेल.’

आणि हात? पहिल्या भागात गेलेला उजवा हात दुसऱ्या भागात परत येतो, बागेत दोन्ही हातांनी फांद्या छाटतो. त्यावर आप्पांचं उत्तर केव्हाचं तयार होतं. ‘लाकडी. त्या देशात लाकडी हात असे करतात की कळणारसुद्धा नाही. पण सही लाकडी हातानं होत नाही. सही डाव्या हातानं. म्हणून तर माफीच्या वेळी हात थरथरला. लोकांना वाटलं असेल, घाबरले. आमचे गव्हर्नर घाबरणारे नव्हते. डाव्या हातानं लिहून बघ तू, थरथरतं की नाही.’

मी खरंच डाव्या हातानं माझं नाव लिहून पाहिलं. थरथरलं. त्या दिवसानंतर कधी कधी मलाही वाटायला लागलं की आपणच काहीतरी चुकीचं वाचलं असेल. तरी एकदा धीर करून म्हटलं, ‘आप्पा, हे दोन वेगळे गव्हर्नर नसतील?’ त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. ‘अरे, दोन माणसं एका पुस्तकात कशाला बांधतील?’ याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांचा चेहरा बघून दिलं नाही.

आता बबनविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. कारखान्यासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांना कंपनीनं घरटी एक नोकरी दिली होती. बबन त्यातला. चऱ्होलीच्या बाजूला नदीकाठी त्याचं थोडं शेत उरलं होतं, तिथून पायी यायचा. ओतकामाचे साचे भरायला होता. साच्याच्या वाळूत पाणी किती घालायचं हे त्याला हातानंच कळायचं. पण हे एक महिना. पुढच्या महिन्यात तोच बबन सगळं विसरलेला असायचा, साचे ढासळायचे, आणि त्या बदल्यात एकटा दोघांचं वजन उचलायचा. एक महिना तंबाखू मागायचा, पुढच्या महिन्यात कुणी दिली तरी नको म्हणायचा. फोरमन आमच्या खोलीत येऊन डोकं धरून बसला. ‘आप्पा, हा माणूस आहे की काय आहे?’

‘माणूसच आहे,’ आप्पा म्हणाले. ‘आमचे गव्हर्नर आधी तुरुंग बांधत होते, मग शाळा बांधायला लागले. माणूस एका जागी राहत नाही.’

फोरमनची त्यानं समजूत पटली. माझी नाही पटली, कारण मी हात बघितला होता. गेल्या महिन्यात बबनच्या नंबरावर जो हात आत आला होता, त्याच्या पहिल्या बोटाचं पेर तुटलेलं होतं. कडबा कापताना जातं तसं. या महिन्यात बोट धड होतं. मी आप्पांच्या कानाशी लागलो. ‘आप्पा, याचं बोट तुटलेलं होतं.’

आप्पांनी बिल्ला तळव्यावर ठेवला, हात बाहेर गेला. मग ते म्हणाले, ‘गव्हर्नरांचा तर अख्खा हात परत आला.’

हे ते गमतीनं म्हणाले, की मनापासून, की मला गप्प करायला? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते पुढच्या नंबराचा बिल्ला काढत होते.

सगळं उघडकीला आलं ते अधिक महिन्यामुळे. त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक श्रावण संपून निज श्रावण लागला त्या सकाळी खिडकीशी एकाच नंबराचे दोन हात आत आले, एक धड बोटाचा आणि एक तुटक्या. बाहेर भांडण चाललं होतं.

‘श्रावन माजा हाय,’ एक आवाज म्हणाला. ‘दोन आले तर दोनी माजे.’

‘एक म्हैना केलास न्हवं? आता माजी पाळी,’ दुसरा म्हणाला. ‘आप्पा, तुमीच सांगा. हिरीच्या पान्याला अधिक म्हैना आला की आमी निम्मा निम्मा करतो. हितं काय करायचं?’

बबन आणि त्याचा धाकटा भाऊ किसन, तोंडावळा हुबेहूब एक. विहिरीच्या पाण्याची पाळी असते, बैलांची असते, तशी त्यांनी नोकरीची पाळी लावली होती. चैत्र बबनचा, वैशाख किसनचा, आणि असं फिरत फिरत वर्ष. जो कारखान्यात नसेल तो शेत बघायचा. नोकरी घरटी दिली होती, म्हणजे ती घराची होती. मग घरातल्या कुणी यायचं हे घरानं ठरवायचं. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या दोघांना वाटलंच नव्हतं. नाहीतर ते भांडायला फाटकाशी आले नसते. आणि फाटकाशी त्याच वेळी आमचा नवा लेबर ऑफिसर मोटारीतून उतरत होता.

हा ऑफिसर मुंबईचा, तरुण, वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला सगळं सरळ रेषेत लागायचं. त्यानं दोघांना आत घेतलं, आप्पांना बोलावलं आणि चौकशी लिहून घ्यायला मला बसवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. या दोघांनी एका नावावर दोन माणसं चालवली, ही फसवणूक आहे. नोकरी जाईल आणि प्रकरण पोलिसांत जाईल. मात्र टाइम ऑफिसला हे माहीत असेल आणि तरी चालू दिलं असेल, तर मजुरांचा दोष नाही, दोष टाइमकीपरचा. मग टाइमकीपर जाईल.

‘तेव्हा तुम्ही सांगा,’ तो आप्पांना म्हणाला. ‘तुम्हाला दिसलं नाही, की दिसून गप्प बसलात? उद्या सकाळी लेखी द्या.’

म्हणजे आप्पांना फक्त ‘दिसलं नाही’ एवढं म्हणायचं होतं. सगळ्यांनी ते मानलंही असतं. ज्या माणसाला दोन गव्हर्नर एक दिसतात त्याला दोन भाऊ एक दिसले, यात कुणाला नवल वाटणार? फार तर हसले असते. आप्पांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. कंपनीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहत होते आणि त्या खोल्या नोकरीबरोबर जाणार होत्या. मला मनातून वाटत होतं की त्यांनी ‘दिसलं नाही’ म्हणावं. बबन-किसनचं वाईट वाटलं असतं, पण आप्पा माझे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसरच्या खोलीकडे निघालो, तर बबनची आई व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली. कुणी तिला उठवलं नव्हतं. आप्पा थांबले. म्हातारी उठली नाही, रडली नाही. सरळ विचारल्यासारखं म्हणाली, ‘जिमीन घेतली तवा सांगितलं, घराला येक नोकरी. मंग घरातलं कोन बी यील. आमी कुनाला फशिवलं, सांगा?’

आप्पा त्या पायरीकडे बघत होते. मला कळलं की आता काही उपयोग नाही.

आत त्यांनी उभ्यानंच सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ‘हे दोघे भाऊ पाळीनं कामावर येतात हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तशी परवानगी मीच दिली होती. यात त्यांचा काही अपराध नाही.’ ऑफिसरनं माझ्यासमोरचा कागद ओढून वाचला. मग म्हणाला, ‘आप्पा, पुन्हा एकदा विचार करा.’ आप्पांनी टाक मागितला.

मी टीपकागद धरून शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं. टाक कागदाला टेकला आणि आप्पांचा हात थरथरायला लागला. पहिल्या अक्षरावर शाईचा डाग पडला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि कशीबशी सही पुरी केली. दार उघडंच होतं, म्हातारी पायरीवरून आत बघत होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. चेहरा उतरला होता. मला वाटलं, नोकरी गेली म्हणून.

बबनची नोकरी राहिली, ताकीद मिळून. किसन पुढे शेजारी नवा कारखाना निघाला त्यात स्वतःच्या नावावर लागला. आप्पांनी लाल पुस्तक डब्याच्या पिशवीत घातलं, फळ्यावरचे बिल्ले एकदा हातानं सारखे केले आणि ते खेडला आपल्या गावी निघून गेले. त्यांच्या जागेवर मला बसवलं. मला त्याचा आनंद झाला नाही, हे खरं सांगतो.

त्यांनी परवानगी खरंच दिली होती का? मी बबनला विचारलं. बबन डोकं खाजवत म्हणाला, ‘दिली आसंल. त्ये कदी न्हाई म्हनले न्हाईत.’ किसनला विचारलं तर तो म्हणाला, ‘आमी इचारलंच न्हाई की.’ म्हणजे मी होतो तिथेच.

वर्षभरानं मी खेडला गेलो. नदीच्या बाजूला आप्पांचं लहानसं घर आणि मागे चार वाफे. गव्हर्नरांनी शेवटी बाग केली म्हणून आप्पांनीही केली होती. सफरचंद तिथल्या उन्हात तग धरेना, तेव्हा पेरू लावले होते. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांची बायको आत चहाचं बघत होती. मी बबनचं सांगितलं, फोरमनचं सांगितलं, नवीन फाटकाचं सांगितलं. ते ऐकत होते, पण गव्हर्नरांचं नाव एकदाही निघालं नाही. हे इतकं विचित्र होतं की मीच विचारलं, ‘पुस्तक वाचता ना अजून?’

‘नाही वाचत,’ आप्पा म्हणाले. मग बराच वेळ उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. ‘सही करताना माझा हात थरथरला. तू पाहिलंस. त्या म्हातारीनंही पाहिलं. गव्हर्नरांचा थरथरला तो डावा होता म्हणून. माझा उजवा आहे, धडधाकट. मी नुसता घाबरलो होतो रे. खोल्या जातील, हिला घेऊन कुठे जाऊ, एवढंच डोक्यात. आता ते पुस्तक उघडायला लाज वाटते.’

त्या दिवशी उतरलेला चेहरा नोकरीसाठी नव्हता. वर्षभर हा माणूस हे उराशी धरून बसला होता, आणि त्यावरचा उपाय माझ्याकडे कधीपासून होता. पण तो उपाय म्हणजे त्यांचे गव्हर्नर मोडायचे. मी एकदा पेरूंकडे पाहिलं आणि बोललो.

‘आप्पा, माफी देणाऱ्या गव्हर्नरांचा हात गेलेला नव्हता.’

‘लाकडी होता.’

‘नव्हता. हात गेला तो गव्हर्नर वेगळा. ती दोन पुस्तकं आहेत, बाइंडरनं एकत्र बांधलेली. कुणी दत्तक गेलं नाही, कुणाची बदली झाली नाही. पहिल्यानं हात गमावला, त्यानं कुणाला माफी दिल्याचं पुस्तकात नाही. दुसऱ्यानं दिली. तो लढाईवर गेलाच नव्हता.’

मी थांबलो. आता हे उठून आत जातील, असं मला वाटलं. आप्पा उठले नाहीत. डोळे बारीक करून ते मनातल्या मनात पानं उलटत असावेत, नाव बदलतं ते पान, राज्य बदलतं ते पान. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘म्हणजे त्याला दोन्ही हात होते.’

‘हो.’

‘सही उजव्याच हातानं केली.’

‘उजव्याच.’

‘आणि तरी थरथरला.’

‘तसं लिहिलंय.’

आप्पांनी उजवा हात गुडघ्यावर पालथा घातला आणि त्याच्यावर डाव्या हातानं हळूच थोपटलं. त्यांचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू यायला लागलं होतं.

‘घाबरला होता तर लेकाचा,’ ते म्हणाले. गव्हर्नरांना अरेतुरे करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग ते मागे वळले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, ‘अगं, ऐकलंस का? तोही घाबरला होता.’